कुणाचा रं तू?

विट्याजवळच्या आमच्या गावात नवखं पोरगं दिसलं की पारावरची म्हातारी माणसं एकच प्रश्न विचारतात, ‘कुणाचा रं तू?’ बापाचं नाव सांगितलं की काम भागतं. आजा कोण, रान किती, भावकी कशी, घरातल्या कुणी कधी कुणाला बुडवलं होतं का, हे सगळं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून देणं, हा तो धंदा. चेन्नईतही सौकारपेठेत आमच्या मामांचं दुकान आहे. (सौकारपेठ म्हणजे सावकारपेठच, आणि तिथला मिंट स्ट्रीट म्हणजे कंपनी सरकारच्या टांकसाळीचा रस्ता.) मामांनी आजवर वीस-पंचवीस पोरं कामाला ठेवली, पण एकाकडूनही अर्ज घेतला नाही. कुणाचा ते कळलं की लाखांचा माल हातात द्यायचे.

मी २००४ मध्ये सांगलीहून मेकॅनिकलची पदवी घेऊन निघालो, सोलापूरला मेल धरली आणि चेन्नई सेंट्रलला उतरलो. मला भट्टीवर बसायचं नव्हतं, मोटारींच्या कारखान्यात जायचं होतं. त्या कारखान्यांच्या फाटकावर मामांना कुणी ओळखत नव्हतं. चार महिन्यांत साठेक अर्ज केले, बोलावणी आली दोन. आज मी श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो आणि एका जागेसाठी दीड-दोनशे सीव्ही वाचतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे कळलं, ते इथे क्रमाने मांडतो.

१. सीव्ही म्हणजे लग्नाचा बायोडेटा नव्हे

माझा पहिला सीव्ही चार पानी होता. ट्रिप्लिकेनमध्ये एकट्या पुरुषांना ज्या इमारतींत खोल्या भाड्याने मिळतात, त्यांना तिथे ‘मॅन्शन’ म्हणतात. तसल्या एका मॅन्शनखालच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये, कॉलेजातल्या सीनिअरच्या फाइलवर स्वतःचं नाव टाकून मी तो बनवला होता. पहिल्या पानावर वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद. त्यावर आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या उत्कर्षाला हातभार लावण्याचं ध्येय. शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ आणि सही. फक्त रास आणि गोत्र तेवढं राहिलं होतं.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याचे वयस्कर मॅनेजर भेटले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ खोडत गेले. चार पानांत पाच ओळी उरल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ‘तंबी, नी एन्न सेंजे?’ तू काय केलंस?

नोकरी त्यांनी दिली नाही, पण तो प्रश्न दिला. गाव विचारतं तू कुणाचा, आणि परकं शहर विचारतं तू काय केलंस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जन्माबरोबर मिळतं, दुसऱ्याचं आपल्याला लिहावं लागतं. त्या दिवसापासून सीव्हीतल्या प्रत्येक ओळीला मी हाच प्रश्न लावतो. वडिलांचा व्यवसाय, धर्म, छंद, ध्येय, सहीचं घोषणापत्र यांतलं काहीही उत्तर देत नाही. अशा ओळींना जागा द्यायची नाही.

२. नाव एकच, सगळीकडे तेच

ही अडचण पुण्या-मुंबईत येत नाही, चेन्नईत हमखास येते. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. तमिळनाडूत बहुतेकांना आडनाव नसतं. १९२९ मध्ये चेंगलपट्टूला भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेने जातिवाचक नावं टाकून देण्याचा ठराव केला, आणि पुढे हा प्रघात घट्ट झाला. तिथे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागतं, मग स्वतःचं नाव. आद्याक्षर गावाचंही असू शकतं. तंजावूरच्या मराठी समाजातले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या नावातला ‘टी’ तंजावूरचा.

माझ्या पहिल्या कंपनीच्या कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, ‘इनिशियल?’ मी आडनाव सांगितलं. त्यांनी तीन पदांतून त्यांच्या रीतीने नाव जुळवलं आणि पुढची दोन वर्षं माझा पगार जवळजवळ वडिलांच्या नावाने निघत राहिला. भविष्य निर्वाह निधीत एक नाव, पॅन कार्डावर दुसरं, पदवीवर तिसरं. नोकरी बदलताना ते जुळवण्यात कित्येक महिने गेले.

तेव्हा पदवीच्या प्रमाणपत्रावर जसं नाव आहे, तसंच पॅनवर आहे का ते आधी पाहा आणि तेच सीव्हीवर लिहा. खाली चालू असलेला मोबाइल नंबर, साधासुधा ईमेल पत्ता, शहर. घर नंबर आणि गल्ली कुणाला लागत नाही. पण ‘सध्या पुण्यात, चेन्नईला यायची तयारी’ ही ओळ लागते, कारण ती नसेल तर परगावचा अर्ज बाजूला पडतो.

३. ‘जबाबदारी सांभाळली’ यातून काहीही कळत नाही

अंबत्तूरच्या एका प्रेस शॉपमध्ये मला पहिली नोकरी लागली. दोन वर्षांनी सीव्ही लिहायला बसलो तेव्हा पहिली ओळ आली: ‘तयार मालाच्या तपासणीची जबाबदारी सांभाळली.’ ओळ खोटी नव्हती. पण माझ्या शेजारी बसून दोन वर्षं जांभया देणाऱ्यानेही अक्षरशः तीच लिहिली असती.

मग गिंडीच्या साहेबांचा प्रश्न आठवला. काय केलं होतं मी? एका ब्रॅकेटच्या भोकाचं माप चुकायचं आणि महिन्याला साधारण ४०० नग ग्राहकाकडून परत यायचे. फिक्स्चरची झिजलेली पिन बदलली, दर दोन तासांनी एक नग गेजवर घालून पाहायची शिस्त लावली, आणि सहा महिन्यांत तो आकडा ६० वर आला. एवढं दोन ओळींत लिहिलं. पुढच्या मुलाखतीत अर्धा तास त्या पिनेवरच बोलणं झालं.

ओळ लिहिताना तीन गोष्टी पाहायच्या: आधी काय होतं, मी काय केलं, नंतर काय झालं. आकडा नेहमीच टक्क्यांत लागतो असं नाही. किती नग, किती माणसं, किती दिवस, किती रुपये, दिवसातून किती वेळा, यांतलं काहीही चालतं. हिशेबनीस असाल तर महिन्याला किती बिलं आणि ताळेबंद किती तारखेला पुरा होतो ते लिहा. शिकवत असाल तर वर्गात किती मुलं आणि कोणत्या विषयाची.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. एक, आकड्याला बूड हवं. ‘दोष ८६ टक्क्यांनी घटवले’ म्हटल्यावर मी विचारणारच, कितीवरून कितीवर? सातावरून एकावर आले असतील तर तेच लिहा, त्यात लाज नाही. दुसरं, ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांतला फरक. आपण मराठी माणसं संकोचाने ‘आम्ही केलं’ म्हणतो आणि समोरच्याला वाटतं, याने नुसतं पाहिलं. चौघांनी केलं असेल तर चौघांनी म्हणा, आणि त्यातलं तुमचं काम कोणतं ते लगेच सांगा.

४. एकाच माणसाचे दोन अर्ज

मी ट्रिप्लिकेनला राहायचो तेव्हा मला ठाऊक नव्हतं की चेन्नईतला सगळ्यांत नावाजलेला नोकरीचा अर्ज त्याच वस्तीतून गेला होता. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी ट्रिप्लिकेनमधल्या ‘समर हाउस’च्या पत्त्यावरून श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठी अर्ज केला. त्यात काय आहे? मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत शिकलो, परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही, गणितात सगळा वेळ घालवत आहे, नेमणूक झाली तर कामाला न्याय देईन. बस्स. ज्यांच्या वहीत जगाला थक्क करणारी सूत्रं होती, त्यांनी हिशेब खात्याच्या साहेबांना एकही सूत्र पाठवलं नाही. १ मार्चपासून ते महिना ३० रुपयांवर कामाला लागले.

पुढच्या वर्षी, १६ जानेवारी १९१३ ला, याच माणसाने केंब्रिजला गणितज्ञ हार्डींना पत्र लिहिलं. सुरुवातीला आपण पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून आहोत, विद्यापीठाचं शिक्षण नाही, हे थोडक्यात आणि सरळ. पुढे पानंच्या पानं नुसती प्रमेयं. हार्डींना पदवी बघायची नव्हती, गणित बघायचं होतं. ती पानं वाचून हार्डींचं मत झालं की हे निष्कर्ष खरेच असले पाहिजेत, कारण असली खोटी रचना करण्याइतकी कल्पनाशक्ती कुणापाशी नसते. एका पत्रावर पगार मिळाला, दुसऱ्यावर केंब्रिज. दोन्ही पत्रं आपसांत बदलली असती तर पोर्ट ट्रस्टचे साहेब गोंधळले असते आणि हार्डींनी कागद टोपलीत टाकला असता.

मी एकच सीव्ही साठ ठिकाणी पाठवत होतो. रामानुजन यांच्यासमोर दोन वाचणारे होते, त्यांनी दोन अर्ज लिहिले. आता माझ्यापाशी सहा-सात पानांची एक मोठी फाइल असते, त्यात आजवरचं सगळं. ती कुणालाही पाठवायची नाही. जाहिरात आली की ती दोनदा वाचायची, त्यांना नेमकं काय हवंय ते अधोरेखित करायचं आणि मोठ्या फाइलीतून तेवढंच उचलून दोन पानं करायची. जे त्यांना सर्वांत जास्त हवंय ते पहिल्या पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात. कारण दोनशे कागद समोर असताना माझी नजर प्रत्येकाच्या तेवढ्याच भागावर फिरते, तिथे काही खटकलं नाही तरच खाली उतरते.

५. आधी यंत्र वाचतं, माणूस नंतर

मध्यंतरी हौसेने सीव्ही सजवला होता. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो, कौशल्यांपुढे भरलेले-रिकामे ठिपके, फोनच्या जागी फोनचं चित्र. महिनाभर एकही बोलावणं नाही. पुढे आमच्याच कार्यालयात अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तीच फाइल टाकून पाहिली. दोन रकाने एकमेकांत मिसळून ‘गेज तपासणी जन्म सांगली सहा सिग्मा’ असा चिवडा झाला होता, आणि पानाच्या अगदी वरच्या पट्टीत ठेवलेला फोन नंबर गायब होता.

परीक्षा सोपी आहे. सीव्हीतला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे तो सरळ क्रमाने वाचता आला तर यंत्रालाही वाचता येईल. एकच रकाना, साधा टाइप, नेहमीची शीर्षकं आणि शेवटी पीडीएफ, किंवा जाहिरातीत मागतील ती फाइल. जाहिरातीतला शब्द तुमच्या कामाला खरोखर लागू असेल तर तोच वापरा. ते ‘पुरवठादार गुणवत्ता’ म्हणत असतील तर तुम्ही ‘व्हेंडर क्वालिटी’ म्हणून अडून बसू नका. लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही एकेकदा येऊ द्या. मात्र पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवण्याच्या युक्त्या करू नका. यंत्र फसलं तरी पुढे माणूस बसलेला असतो.

फाइलीला नाव द्या: आपलं नाव आणि पद. ‘सीव्ही फायनल नवा २’ या नावाच्या फायली माझ्याकडे दर आठवड्याला येतात. त्या कुणाच्या, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

६. मधला खड्डा झाकू नका, त्यावर फळी टाका

२००९ मध्ये वडील आजारी पडले. मी नोकरी सोडून अकरा महिने गावी होतो. परत आल्यावर सीव्हीत महिने गाळून नुसती वर्षं लिहिली, म्हणजे खड्डा दिसणार नाही. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘कोणत्या महिन्यात सोडली?’ मी अडखळलो. त्यांना अकरा महिन्यांचं काही वाटलं नव्हतं, अडखळण्याचं वाटलं.

पुढच्या सीव्हीत एक ओळ घातली: ‘मे २००९ ते मार्च २०१०: वडिलांच्या आजारपणामुळे गावी. या काळात मोजमापाच्या विश्लेषणाचा अभ्यासक्रम पूर्ण.’ त्यानंतर त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. रामानुजन एफ.ए.ला दोनदा नापास झाले होते. अर्जात त्यांनी ना खोटं लिहिलं, ना रडगाणं गायलं. अडचणींमुळे शिक्षण थांबलं असं अर्ध्या वाक्यात सांगून लगेच सध्या काय करतो यावर आले. खड्ड्यावर टाकायची फळी एवढीच असते.

फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि २०२२ मध्ये मरैमलैनगरच्या कारखान्यातलं काम थांबलं. त्यानंतर तिथल्या अनेकांचे सीव्ही माझ्यापर्यंत आले. ज्यांनी ‘कारखाना बंद झाल्यामुळे’ असे तीन शब्द लिहिले होते, त्यांच्याशी बोलणं थेट कामावर सुरू झालं. ज्यांनी तिथली नोकरी अजून चालू असल्यासारखं दाखवलं, त्यांच्याशी बोलणं तारखांवर अडलं. नोकरी जाणं हा गुन्हा नाही, हे आधी आपल्याला पटावं लागतं. मग लिहिणं सोपं जातं.

७. थाप पचत नाही

चेन्नईत सहा महिने काढल्यावर मी ‘भाषा’ या शीर्षकाखाली लिहून टाकलं: तमिळ, उत्तम. मुलाखत घेणारे म्हणाले, ‘छान. चला खाली.’ शॉपमध्ये एका ऑपरेटर अण्णांपुढे उभं केलं आणि सांगितलं, या नगावर ओरखडे का येतात ते यांना विचार. मला ‘साप्पाडु’, ‘तण्णी’ आणि ‘एव्वळवु’ एवढंच येत होतं, म्हणजे जेवण, पाणी आणि केवढ्याला. नगाच्या ओरखड्यांवर यांतलं एकही चालेना. अण्णा बिचारे भलेपणाने हसले. ती नोकरी गेली.

आता लिहितो: ‘तमिळ: कारखान्यात कामापुरती बोलतो, वाचता येत नाही.’ या ओळीवर लोकांचा विश्वास बसतो, आणि तिच्यामुळे वरच्या ओळींवरही बसतो. एक्सेल, जर्मन, प्रोग्रामिंग, सगळ्यांना हाच नियम. उद्या सकाळी कुणी समोर बसवून करायला सांगितलं तर जेवढं येईल, तेवढंच लिहा.

मोठी थाप तर आता टिकतच नाही. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीचा एकच क्रमांक नोकऱ्यांमागे चालत येतो. कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, हे त्यात दिसतं. अनुभवाचे दाखले विकत देणारे अजून भेटतात. त्यांच्या दाखल्यावर आत गेलेली मुलं पडताळणीच्या वेळी बाहेर पडताना मी पाहिली आहेत. खोटं एका नोकरीपुरतं असतं, पण बोभाटा सगळ्या पट्ट्यात होतो. तिथे मात्र चेन्नईसुद्धा गावच असते.

८. शिफारस करणाऱ्याला आधी विचारा

रामानुजन यांच्या अर्जासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र होतं. गणितातली गती असामान्य आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. ज्याला परखता येतं त्याने सांगितलेलं वजनदार असतं, मग ते चार ओळींचं का असेना. आमदारांचं किंवा नात्यातल्या अधिकाऱ्याचं पत्र जोडणारे अजून आहेत. त्यावरून फक्त ‘कुणाचा’ एवढंच कळतं.

मी एकदा जुन्या साहेबांचा नंबर त्यांना न विचारता दिला. त्यांना फोन गेला तेव्हा ते नातवाच्या बारशात होते आणि त्यांना मी आठवलोच नाही. तेव्हापासून आधी फोन करतो, कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते सांगतो आणि आपण एकत्र केलेल्या एखाद्या कामाची आठवण करून देतो. सीव्हीवर नावं छापत नाही, मागितली की देतो.

९. खरा सीव्ही वहीत असतो

‘केलेलं आठवत नाही’ ही सगळ्यांची तक्रार. आठवणार कसं? मार्चमधली पिन डिसेंबरात आठवत नाही. रामानुजन काखोटीला वह्या मारून मद्रासमध्ये लोकांच्या भेटी घेत हिंडले. त्यांचं सगळं भांडवल त्या वह्यांत होतं, पत्रं त्यातून निघाली.

मी शनिवारी संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी पाच मिनिटं वही काढतो. या आठवड्यात काय बिघडलं, काय केलं, आकडा कितीवरून कितीवर गेला, कुणी शाबासकी दिली, कुणी शिव्या घातल्या. कंपनीची गुपितं, ग्राहकांची नावं त्यात घ्यायची नाहीत, फक्त आपलं काम. कित्येक आठवडे वहीत ‘काही नाही’ असंच लिहिलं जातं. सलग दोन महिने ‘काही नाही’ आलं की समजावं, सीव्ही बदलायची नव्हे, काम बदलायची वेळ झाली आहे.

१०. दुसऱ्याचा सीव्ही लिहून पाहा

हा धडा सगळ्यांत उशिरा कळला, आणि तो सौकारपेठेतच मिळाला.

जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. मामांच्या दुकानात दहावीनंतर आलेला एक पोरगा नऊ वर्षं काम करत होता. त्याने एका हॉलमार्किंग केंद्रात माणसं हवी असल्याचं ऐकलं. केंद्राने सीव्ही मागितला. तो मामांच्या परवानगीने माझ्याकडे आला.

‘तुला काय काय येतं?’
‘कायच न्हाय, दादा. भट्टीवर असतो.’
‘भट्टीवर म्हणजे काय करतोस?’
‘त्येच आपलं. आटवायचं.’

मग एकेक प्रश्न विचारत गेलो. माल आला की आधी गिऱ्हाइकासमोर वजन. मग मुशीत टाकणखार घालून वितळवायचं, पट्ट्या ओतायच्या, तेजाबात चांदी-तांबं वेगळं काढायचं, धुऊन पुन्हा वितळवायचं, पुन्हा वजन. दिवसाला किती? पंधरा-वीस. टंच, म्हणजे सोन्याचा कस, कसा कळतो? ‘कसोटीवर घासला की रंगावरनं कळतोय. मग शेजारच्या मशिनवर बघतो.’ दोन्हींत फरक किती? ‘एखादा टंच. लई झालं तर.’ नऊ वर्षांत वजनाची तक्रार? तो जरा विचारात पडला. ‘एकदा झाली. पर त्येंचाच काटा बिघडल्याला निघाला.’ तेजाब कधी अंगावर? ‘आपल्या चुकीनं कधीच न्हाय.’ भाषा? मराठी, तमिळ, हिंदी, आणि गिऱ्हाइकांपुरती तेलुगू.

एक पानही पुरं भरलं नाही. पण त्याआधीच्या वर्षभरात मी पाहिलेल्या सीव्हींत त्याच्याइतका भरीव एकही नव्हता. त्यात ध्येय नव्हतं, छंद नव्हते, ‘मेहनती आणि प्रामाणिक’ हे शब्दही नव्हते. नऊ वर्षांत एक तक्रार आणि तीही दुसऱ्याच्या काट्याची, यात प्रामाणिकपणा आपोआप आला. स्वतःकडे पाहताना आपल्याला फक्त भट्टी दिसते. दुसऱ्याने विचारलं तरच तिच्यात काय काय वितळलं ते बाहेर येतं. म्हणून मित्राला समोर बसवा, तुम्ही त्याचा लिहा, त्याला तुमचा लिहू द्या. शेवटी शुद्धलेखनासाठी तिसऱ्याला दाखवा.

कागद छापून मी दुकानात नेला. मामा गादीवर होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, म्हणाले, मराठीत सांग. मी ओळीमागून ओळ सांगत गेलो. पोरगा भट्टीकडे तोंड करून उभा होता. मामा बराच वेळ काट्याच्या पारड्याकडे बघत राहिले.

‘ह्ये समदं ह्यानं केलंय?’
‘हो.’
‘माझ्या दुकानात?’
‘तुमच्याच.’

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला.

‘मग माझाबी एक लिव्ह की.’

मी हसलो. ‘मामा, तुम्हाला आता कुठे नोकरी करायचीय?’

‘नोकरी न्हाय रं,’ मामा म्हणाले. ‘चाळीस वर्सं झाली हितं. कुणाचा हाय, त्ये समद्यास्नी ठावं हाय. काय क्येलं, त्ये कुणी इचारलंच न्हाय.’